समुद्रावरच्या बुटक्या ढगांची भानगड
कॅलिफोर्निया, पेरू-चिली, नामिबिया या किनाऱ्यांसमोर समुद्रावर कितीतरी महिने करड्या ढगांचा सलग थर असतो, पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर. नाव स्ट्रॅटोक्युम्युलस, जाडी जेमतेम काहीशे मीटर. पण वरून पांढरे असल्यामुळे बरंच ऊन परत पाठवतात आणि बुटके असल्यामुळे खालची उष्णता फारशी अडवत नाहीत, म्हणजे पृथ्वीला निव्वळ गारवा.

हे टिकतात कसे याचं गणित १९६८ मध्ये हवामानशास्त्रज्ञ डग्लस लिलींनी मांडलं. ढगाच्या माथ्यावरून उष्णता अवकाशात निघून जाते, तिथली हवा गार होऊन खाली बसते, त्या घुसळणीत समुद्राची वाफ वर येते आणि ढगाला खुराक मिळत राहतो. वर गरम कोरड्या हवेचं झाकण, त्याला इन्व्हर्जन म्हणतात. विमान ढगातून बाहेर पडलं की काही मीटरांतच हवा एकदम ५-१० अंशांनी गरम लागते, एवढं ते पक्कं.

१९७९ च्या चार्नी रिपोर्टने (अमेरिकी शास्त्रज्ञांचा तापमानवाढीवरचा अहवाल) हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीच्या तापमानात १.५ ते ४.५ अंश वाढ सांगितली आणि पुढची चाळीस वर्षं ती रेंज काही आवळेना, त्यात मोठा वाटा या ढगांचा, कारण हवामानाचं गणित करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलचा एकेक चौकोन शंभरेक किलोमीटरचा, त्यात एवढासा पातळ ढग पकडणार कसा.

१९९३ मध्ये क्लाइन आणि हार्टमन या संशोधकांनी दाखवलं की झाकण जितकं घट्ट, म्हणजे वरची हवा खालच्यापेक्षा जितकी गरम, तितके ढग जास्त, या फरकाच्या एका अंशामागे साधारण ६ टक्के. मग वाटलं, वरची हवा जास्त तापणार, झाकण घट्ट होणार, ढग वाढणार, सुटलो! पण ही अर्धीच बाजू. समुद्र तापला की घुसळण वाढून वरची कोरडी हवा ढगात शिरते आणि ढग विरळ होतो, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड माथ्याचं गार होणंही कमी करतो. या ओढाताणीत ढग कमी होण्याचंच पारडं जड आहे, असं २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) रिपोर्टने बऱ्यापैकी खात्रीने म्हटलं. २०१९ मध्ये तर श्नायडर आणि सहकाऱ्यांच्या सिम्युलेशनमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड १२०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १२०० भाग) पुढे गेल्यावर हा थर फुटूनच गेला, पण ती मांडणी फार सोपी केलेली, मी तरी ते आकडे जपूनच घेईन.

अजून एक गोम म्हणजे समुद्र कुठे तापतो. १९८० नंतरची काही दशकं पश्चिम पॅसिफिक तापला आणि पूर्वेकडचा भाग गार राहिला, पश्चिमेची उष्णता वरच्या हवेतून सगळीकडे पसरली, पूर्वेचं झाकण घट्ट झालं, ढग वाढले. त्यामुळे नुसत्या त्या काळावरून पुढच्या तापमानवाढीचा अंदाज काढला की तो कमी भरतो.