बालन्यायातील समाजसेवांची भूमिका

गुन्ह्याचा आरोप असलेले, अत्याचाराला बळी पडलेले किंवा साक्षीदार म्हणून बोलावलेले मूल न्याययंत्रणेपुढे येते, तेव्हा त्याची घरची परिस्थिती तपासणे, सुनावणीत त्याला आधार देणे आणि निकालानंतर त्याचे पुनर्वसन पाहणे ही कामे समाजसेवा यंत्रणेकडे असतात.

या कामाची सुरुवात बरीचशी पदरमोडीतून झाली. १८९९ साली शिकागोत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय स्थापन झाले. कायद्याने परिवीक्षा अधिकारी (मुलाची चौकशी करून त्याच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी) नेमण्याची मुभा दिली, पण त्यांच्या पगाराची सरकारी तरतूद केली नाही. सुरुवातीची काही वर्षे तो भार महिला मंडळे व सेवाभावी संस्थांनी उचलला.

सर्वांत निर्णायक साधन म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. संयुक्त राष्ट्रांच्या बालन्यायाविषयीच्या १९८५ च्या बीजिंग नियमांतील १६ वा नियम किरकोळ गुन्हे वगळता इतर प्रकरणांत अंतिम आदेशापूर्वी अशी चौकशी आवश्यक मानतो. अधिकारी घरी जातो, शिक्षकांना भेटतो, शाळेचा हजेरीपट पाहतो. गैरहजेरी ठरावीक महिन्यापासून वाढली असेल, तर त्या सुमारास घरात आजारपण, बेकारी की मारझोड होती, हे शोधावे लागते. तेवढे कष्ट न घेता ‘कुटुंब विस्कळीत, मुलगा हट्टी’ असा साचेबंद शेरा मारला, तर अहवाल मुलाच्याच मुळावर उठतो: गरिबी हाच दोष ठरतो आणि घरी राहू शकणाऱ्या मुलाची रवानगी सुधारगृहात होते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) कलम ३७ नुसार मुलाला स्थानबद्ध करणे हा शेवटचा उपाय असायला हवा.

स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून बहुतेक प्रकरणांत मुलासाठी काय करायचे हे न्यायालयाऐवजी तीन सामान्य नागरिकांचे मंडळ ठरवते. घटना घडली की नाही यावर वाद असेल, तर तेवढा भाग न्यायालयाकडे जातो.

पीडित मुलांबाबत प्रश्न वेगळा आहे. पोलीस, डॉक्टर, वकील प्रत्येकाला तीच हकिगत सांगणे हा नवा छळच. आइसलँडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘बार्नाहुस’ केंद्रात प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी एका खोलीत बोलते आणि बचाव पक्षासह संबंधित मंडळी दुसऱ्या खोलीतून ते पाहतात. चित्रित जबाब खटल्यात वापरता येतो. वैद्यकीय तपासणी व समुपदेशनही त्याच छताखाली होते. पुढे ही पद्धत युरोपातील इतर देशांनीही उचलली.