पाचाचा आकडा आला कुठून? रिपोर्टिंग टूलच्या रचनेची पार्श्वभूमी

रिपोर्टिंग टूल म्हणजे आकडे भरून अहवाल काढायचं साधन. त्याआधीच्या कागदी तक्त्यांचा काळ इथे लांबवत नाही. रकाने एकदा छापले की वर्षानुवर्षं तेच चालायचे, आणि न बसणारी माहिती भरणारा 'शेरा'मध्ये कोंबायचा. १९७९ मध्ये वैयक्तिक संगणकावर स्प्रेडशीट आली आणि तोच तक्ता पडद्यावर गेला. साधन रचताना वापरणाऱ्याला सुरुवातीलाच गाठा, प्रत्यक्ष मोजा, बदलून पुन्हा तपासा, ही तत्त्वं १९८५ च्या एका शोधनिबंधात आली. १९९९ मध्ये त्याच दिशेचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

आज मात्र नव्या टूलची चर्चा निघाली की आधी कानावर पडतो तो 'पाच'. पाच वापरकर्त्यांकडून टूल वापरून घेऊन तपासलं की झालं संशोधन! या आकड्यामागे १९९३ मधलं एक गणिती सूत्र आहे. एक वापरकर्ता वापरातल्या सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. २००० मधल्या एका लेखाने हा हिशेब सगळीकडे पोचवला. त्या लेखाचा सल्ला असा होता: पंधरा जणांपुरते पैसे असतील तर पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि मध्ये दुरुस्त्या करत जा. म्हणजे पाच हा एका फेरीचा आकडा. फेऱ्या गळाल्या, पाच तेवढा उरला.

आक्षेप लगेच आले. २००१ मध्ये खरेदीच्या संकेतस्थळांच्या चाचणीत पहिल्या पाच जणांकडून ३५ टक्केच अडचणी सापडल्या. २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढून पाहिले. सरासरी ८५ टक्क्यांच्याच आसपास आली, पण एखाद्या गटाला ९९ तर एखाद्याला ५५. पाचाचा हवाला देणाऱ्यांच्या तोंडी हा ५५ सहसा येत नाही.

अहवालाच्या साधनात याहून मोठा गुंता 'वापरकर्ता' या शब्दाचा. भरणारा की वाचणारा? डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारा पडदा, वाचणाऱ्याला हवा असतो, बैठकीलाही तोच असतो, म्हणून मुलाखत त्याचीच होते. भरणारा मुदतीच्या शेवटच्या दिवशी चार फायलींतून आकडे गोळा करत असतो, त्याला विचारायला वेळ कुणाला? दोन वेगळे गट असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्या, हेही त्याच २००० च्या लेखात होतं.

अलीकडे लोक कुठल्या रकान्यापाशी अडखळतात, कुठे मसुदा अर्धवट टाकतात, हे लॉगमध्ये, म्हणजे टूलने आपोआप ठेवलेल्या वापराच्या नोंदींत, दिसतं. त्यामुळे 'आता मुलाखती कशाला' असा सूर लागला आहे. पण प्रश्न कळला नाही की भरणारा बऱ्याचदा शून्य टाकून पुढे जातो, आणि लॉगमध्ये तो रकाना व्यवस्थित भरलेला दिसतो.