शब्दांच्या आठ जाती आल्या कुठून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत मुलं विभक्तीचे दोन पाढे घोकतात. मराठीच्या तासाला ‘स ला ते, स ला ना ते’, कन्नडच्या तासाला ‘उ, अन्नु, इंद, गे’. प्रथमा, द्वितीया ही क्रमांकांची नावं दोन्हीकडे संस्कृतातून आली. शब्दांच्या आठ जातींचं घराणं मात्र वेगळं. संस्कृतातला प्राचीन शब्दशास्त्री यास्क याने चारच सांगितल्या होत्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यय). आठाचा आकडा मूळचा ग्रीकांचा, आपल्यापर्यंत आला तो रोममार्गे.

चौथ्या शतकात डोनाटस नावाच्या रोमन पंतोजीने पोरांसाठी छोटंसं लॅटिन व्याकरण लिहिलं, सगळं प्रश्नोत्तरांत. ‘शब्दांच्या जाती किती?’ ‘आठ.’ ‘कोणत्या?’ गुरुजींनी विचारायचं, पोरांनी धडाधड म्हणायचं. ग्रीकांच्या आठांत ‘उपपद’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) होतं. लॅटिनमध्ये उपपदच नाही, म्हणून उद्गारांना क्रियाविशेषणांतून काढून स्वतंत्र जात दिली गेली आणि आकडा जमला. आपलं केवलप्रयोगी अव्यय ते हेच! हजारभर वर्षं युरोपातली मुलं या पुस्तकावर वाढली. गुटेनबर्गनेही ते छापलं. इंग्लंडात तर कुठल्याही पहिल्या पुस्तकाला ‘डोनेट’ म्हणत. घोकंपट्टीवर चित्रांचा उतारा शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने काढला, तो थेट 1658 मध्ये.

इंग्रजी व्याकरणं या लॅटिन साच्यातच घडली. फरक एवढाच, की डोनाटसच्या यादीतलं धातुसाधित (‘केलेला’, ‘जाणारा’ अशी क्रियापदापासून झालेली रूपं) वगळून पुढे विशेषणाला जागा दिली. आपल्याकडे हा साचा दोन वाटांनी आला. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेलं की राशोल लागतं. तिथे 1640 मध्ये इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण लॅटिन धर्तीवर छापलं गेलं. खरी रुळलेली वाट मात्र मुंबईची. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण काढलं, त्यात इंग्रजी वळण आणि संस्कृत परिभाषा एकत्र नांदल्या. बेळगाव 1956 पर्यंत मुंबईकडेच होतं, त्यामुळे इथल्या शाळांतही तेच व्याकरण मुरलं.

म्हणजे जाती रोमच्या, विभक्त्या संस्कृतच्या, आणि मधे मराठी. द्वितीयेला ‘स ला ते’ आणि चतुर्थीलाही ‘स ला ते’, मग दोन कशाला, हे इथल्या मुलाला जरा जास्तच खटकतं. कारण पुढच्याच तासाला कन्नडमध्ये द्वितीयेला ‘अन्नु’ आणि चतुर्थीला ‘गे’ असे वेगवेगळे प्रत्यय त्याने म्हटलेले असतात.