नऊ डॉलरमध्ये तीस मैल: एरी कालव्याच्या आधी आणि नंतर

१८१६ साली अमेरिकी सिनेटच्या एका समितीने हिशेब मांडला. युरोपातून एक टन माल तीन हजार मैल समुद्र ओलांडून आणायला साधारण ९ डॉलर पडत. तेवढ्याच पैशात तोच माल देशात खुष्कीच्या मार्गाने जेमतेम ३० मैल जाई. सुरुवातीच्या अमेरिकेचं दुखणं या दोन आकड्यांत आलं. जमीन अफाट होती, पण पिकवलेलं विकायला न्यावं तर भाडंच मालाच्या दामावर जाई.

त्यामुळे अॅपलेशियन डोंगरापलीकडचा शेतकरी मक्याची, राय धान्याची व्हिस्की गाळी. धान्याच्या पोत्यांपेक्षा पिंप हलवायला सोपं आणि किंमतही बरी. १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला आणि १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात त्याविरुद्ध बंड झालं, त्यामागे हेही एक कारण होतं. डुकरं मात्र स्वतःच्या पायांनी बाजारात जात!

उरलेला माल सपाट तळाच्या होड्यांतून ओहायो आणि मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लिन्सला जाई. होडी उलट्या प्रवाहात चढवणं अवघड, म्हणून तिथेच ती मोडून लाकूड विकायचं आणि शेकडो मैल चालत घर गाठायचं. रॉबर्ट फुल्टनची आगबोट १८०७ मध्ये हडसन नदीवर धावली, १८११ मध्ये पिट्सबर्गहून एक आगबोट न्यू ऑर्लिन्सकडे निघाली आणि प्रवाहाविरुद्ध जाण्याची वाट खुली झाली. तरी पश्चिमेचा व्यापार दक्षिणेकडेच वाहत राहिला.

तो पूर्वेला वळवला एरी कालव्याने, म्हणजे एरी सरोवर हडसन नदीला आणि तिच्यामार्गे न्यूयॉर्क बंदराला जोडणाऱ्या कालव्याने. १८०९ मध्ये जेफरसन यांनी ही कल्पना जवळपास वेडेपणात काढली होती. १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी अशा कामांना केंद्राचा पैसा देणारं विधेयक नाकारलं. मग गव्हर्नर डेविट क्लिंटन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्याने कर्जरोखे काढले, मिठावर कर लावला आणि त्याच वर्षी ४ जुलैला रोम या गावी कुदळ मारली. विरोधक त्याला ‘क्लिंटनचा खड्डा’ म्हणत.

खड्डा ३६३ मैलांचा होता. रुंदी ४० फूट, खोली फक्त ४ फूट, आणि चढउतारासाठी ८३ जलपाश, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करणारे दारांचे हौद. देशात धड प्रशिक्षित अभियंतेसुद्धा नव्हते. जमिनीची मोजणी करणाऱ्यांनी काम करता करता विद्या मिळवली. कॅनव्हास व्हाइट इंग्लंडचे कालवे पायी हिंडून पाहून आला, आणि पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट न्यूयॉर्कमधल्याच दगडापासून बनू लागलं. मजुरांत आयरिश पुष्कळ होते. माँटेझुमाच्या दलदलीत तापाने त्यांची दैना केली.

१८२५ मध्ये कालवा पुरा झाला. काठाने खेचरं चालत आणि दोराने बोट ओढत, वेग ताशी चारेक मैल. पूल इतके ठेंगणे की टपावरच्या प्रवाशांना पटकन आडवं व्हावं लागे. या गोगलगाईने काय केलं? एरी सरोवराकाठचं बफेलो ते न्यूयॉर्क एका टनाचं सुमारे १०० डॉलर भाडं दहाच्या आसपास आलं. रॉचेस्टरला पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पश्चिमेचा स्वस्त गहू येताच न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतातला गहू टिकेना. ज्या भूमीतून कालवा गेला तिथले मूळ हॉडेनोसोनी लोक आधीच बहुतेक जमिनीला मुकले होते. कालव्याने वस्तीचा लोंढा आणून उरल्यासुरल्यावरही डोळा ठेवला.

बाकीची बंदरं हादरली. फिलाडेल्फियाने कालवा आणि डोंगरावर दोरखंडाने डबे चढवणारे रूळ अशी खर्चिक सांगड घातली. ४ जुलै १८२८ ला तर दोन समारंभ झाले. वॉशिंग्टनजवळ अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स पोटोमॅककाठच्या नव्या कालव्याची पहिली माती काढत होते. फावडं मुळीला अडलं, तेव्हा त्यांनी कोट उतरवून पुन्हा जोर लावला. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हयात असलेले एकटे चार्ल्स कॅरल एका रेल्वेचा पहिला दगड बसवत होते. दोन्ही मार्गांना डोंगरातलं कंबरलंड गाठायचं होतं. रेल्वे १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये.