रिव्हॉल्वरचा पल्ला मोठा, माणसाचा छोटा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा आठवडा सुरू होतो. शिकारी भडक नारिंगी जाकिटं घालून रानात शिरतात. त्यांच्यातल्या काहींच्या हातात लांब बंदूक नसते, कमरेला किंवा छातीवर एक जाडजूड रिव्हॉल्वर अडकवलेलं असतं. ओहायोचा बराच भाग सपाट आहे, वस्ती दाट आहे, आणि रायफलची हुकलेली गोळी किलोमीटर-दोन किलोमीटर जाऊ शकते. त्यामुळे २०१४ पर्यंत तिथे हरणांसाठी रायफल चालतच नव्हती. कमी पल्ल्याची शॉटगन चालत असे आणि रिव्हॉल्वरही. मात्र त्याची नळी किमान पाच इंचांची हवी आणि काडतूस .३५७ (हा गोळीचा साधारण व्यास, इंचांत) किंवा त्याहून मोठं, सरळ कडांचं, म्हणजे बाटलीसारखी निमुळती मान नसलेलं हवं, अशी अट होती.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे. ओहायोची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९०४पर्यंत पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळपास नामशेष झालं होतं. ते परत आणलं गेलं आणि वाढलं. लांडगे मात्र परत आले नाहीत, म्हणून हरणांची संख्या आवाक्यात ठेवायचं काम आज परवानाधारक शिकाऱ्यांवर आहे. ते काम करायचं तर जनावर तडफडता कामा नये. मोठ्या रिव्हॉल्वरने किती अंतरावरून गोळी झाडावी, या प्रश्नाचं गांभीर्य इथे आहे.

या प्रश्नाला बहुतेक जण काडतुसाच्या तक्त्यातून उत्तर देतात. वेग इतका, ऊर्जा इतकी, म्हणजे शंभर मीटर सहज. माझ्या मते तक्त्यातून मिळतो तो बंदुकीचा पल्ला. शिकारीत चालतो तो माणसाचा पल्ला, आणि तो जवळजवळ नेहमीच निम्मा असतो.

आधी लक्ष्य किती मोठं ते पाहू. हरीण दीड मीटर लांब दिसलं तरी नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या जरा मागे, हृदय आणि फुप्फुसं असतात तिथे. ही जागा साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. रिव्हॉल्वरच्या बाबतीत हा आकडा फार काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि त्याचं कारण गोळीच्या वेगात आहे. सेकंदाला ८०० मीटरहून वेगाने जाणारी रायफलची गोळी शरीरात शिरताना भोवतालचं मांस क्षणभर मोठ्या पोकळीसारखं बाजूला फेकते आणि मार्गाबाहेरच्या अवयवांनाही इजा करते. रिव्हॉल्वरच्या गोळीचा वेग त्याच्या निम्मा. ती स्वतःच्या मार्गात जेवढं चिरडते तेवढीच जखम होते. म्हणून ती दोन्ही फुप्फुसांतून आरपार जायला हवी. तशी गेली तर रक्तदाब कोसळतो, मेंदूला दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढाच प्राणवायू उरतो आणि हरीण पन्नास-शंभर मीटर धावून कोसळतं. या जागेच्या मागे, पोटात गेली तर आतड्याला लागते आणि ते जनावर तासन्‌तास यातना भोगतं. जाणते रिव्हॉल्वर-शिकारी गोळी शरीरात शिरल्यावर किती फुलते यापेक्षा ती किती खोल जाते हे बघतात. रुंद, चपट्या नाकाची, कठीण शिशाची ओतीव गोळी त्यांना त्यासाठीच आवडते.

आता काडतूस. या शिकारीतलं सर्वांत परिचित नाव म्हणजे .४४ मॅग्नम. आयडाहोचा शिकारी-लेखक एल्मर कीथ याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९५५च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी ते बाजारात आणलं. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची. लांब नळीतून ती सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने सुटते आणि तिच्यात साधारण १३०० ज्यूल ऊर्जा असते. पण ती बुटकी आणि बोथट असल्यामुळे हवा तिला जोरात अडवते. शंभर मीटरच्या आसपास तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली, ३२० मीटरपर्यंत येतो आणि ऊर्जा ८०० ज्यूलवर. एवढी ऊर्जा हरणाच्या छातीतून आरपार जायला पुरेशी आहे. पुढे .४५४ कॅसूल आली, २००३मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन आली. त्यांची ताकद याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे ताकदीच्या बाजूने शंभर मीटर ही अडचण नाही.

अडचण सुरू होते ती गोळी खाली येते तिथून. रिव्हॉल्वर ५० मीटरवर बरोबर लागेल असं जुळवलं, तर ढोबळ गणिताने ही गोळी ७५ मीटरवर सहा-सात सेंटिमीटर खाली लागते, १०० मीटरवर जवळजवळ १९ सेंटिमीटर आणि १५० मीटरवर साठहून जास्त. शंभर मीटरचं अंतर माहीत असेल तर तेवढं वर धरता येतं. पण रानात संधिप्रकाशात ९० मीटर आणि ११० मीटर यांतला फरक नजरेने कळणं फार कठीण, आणि तेवढ्याच फरकाने गोळी १३ सेंटिमीटर खाली-वर होते. आपल्या लक्ष्याची त्रिज्या दहाच सेंटिमीटर आहे. पन्नास मीटरच्या आत मात्र अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला तरी गोळी जागेवरच लागते. या पन्नासच्या आकड्याची आणखी कारणं पुढे आहेत.

कीथने स्वतः लिहिलंय की सोबत्याच्या रायफलने जखमी झालेलं एक हरीण त्याने ६०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ५५० मीटरवर, .४४ मॅग्नमने टिपलं. ही गोष्ट आजही पल्ल्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. त्या अंतरावर गोळीला पोचायला जवळपास दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती दहा मीटरहून जास्त खाली येते. कीथच्या आधीच्या गोळ्या हुकल्या होत्या. त्या कुठे पडतात हे बघून त्याने नेम सुधारत नेला. ते जनावर आधीच जखमी होतं, सुटून गेलं असतं, त्यामुळे त्याने केलेला प्रयत्न समजण्यासारखा आहे. पण धडधाकट हरणावर पहिली गोळी किती दूरून झाडावी याचं माप त्यात शोधणं मला चूक वाटतं.

रिव्हॉल्वर स्वतः किती अचूक असतं? त्याची रचना मुळातच अवघड आहे. रायफलमध्ये काडतूस नळीतच बसतं. रिव्हॉल्वरमध्ये पाच-सहा कप्पे फिरतात आणि प्रत्येक कप्पा घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) पडण्याच्या क्षणी नळीच्या अगदी समोर यावा लागतो. एखादा केसभर बाजूला असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी खरडत आत शिरते. काही शिकारी कागदावर प्रत्येक कप्प्याच्या गोळ्या वेगळ्या मोजतात, एखादा कप्पा भरकटतोय असं दिसलं की त्यावर खूण करतात आणि हंगामात त्यात काडतूसच भरत नाहीत. कप्पे आणि नळी यांच्यामध्ये साधारण ०.१५ मिलिमीटरची फट असते आणि तिच्यातून प्रचंड दाबाचा, जळता वायू बाजूला फुटतो. तिथे बोट आलं तर गंभीर जखम होते. तरीही चांगलं रिव्हॉल्वर यांत्रिक पकडीत घट्ट बसवलं तर ५० मीटरवर गोळ्या सात-आठ सेंटिमीटरच्या आत पाडतं. बंदूक आपलं काम करते.

डोळ्याचं काम जास्त कठीण आहे. साध्या रिव्हॉल्वरवर नळीच्या टोकाला एक उभं पातं असतं आणि मागे एक खाच. पातं खाचेच्या बरोबर मधे, माथे एका रेषेत, असं धरून नेम घ्यायचा. साडेसात इंच नळीच्या रिव्हॉल्वरवर या दोहोंमधलं अंतर जेमतेम २४ सेंटिमीटर. त्यामुळे पातं खाचेत पाव मिलिमीटर जरी सरकलं, तरी गोळी ५० मीटरवर पाच सेंटिमीटर सरकते आणि १०० मीटरवर दहा. एक मिलिमीटर सरकलं तर ५० मीटरवरच एकवीस. रायफलवर हे अंतर दुप्पट-तिप्पट असतं, म्हणून तीच चूक तिथे निम्म्याहून कमी होते.

त्यात पात्याची रुंदी. ते साधारण ३.२ मिलिमीटर रुंद असतं आणि हात ताणून धरल्यावर डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर येतं. गणित केलं तर ५५ मीटरवर हे पातं वीस सेंटिमीटर रुंदी झाकतं, म्हणजे नेमकी ती हृदय-फुप्फुसांची जागा. शंभर मीटरवर ते ३५ सेंटिमीटर झाकतं. तेव्हा नेमबाजाला दिसत असतं एक काळं पातं आणि त्याच्या कडेने डोकावणारी हरणाची पाठ. कुठे लागेल हे तो बघत नसतो, कल्पनेने ठरवत असतो. शिवाय डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतं. खाच ६५ सेंटिमीटरवर, पातं ९० वर, हरीण ५० मीटरवर. पातं स्पष्ट ठेवायचं आणि बाकी दोन्ही धूसर राहू द्यायचं, हाच नियम. चाळिशीनंतर भिंग ताठ होत गेलं की पातंही धूसर होतं. शिकाऱ्याचा पल्ला वर्षागणिक असा गुपचूप आखडत जातो, बंदूक तीच असली तरी.

आणि हात. १.४ किलोचं रिव्हॉल्वर .४४ मॅग्नम झाडल्यावर सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने मागे येतं. नळीचं टोक कपाळाकडे उसळतं, आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. गंमत अशी की हा धक्का नेम फारसा बिघडवत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला हजारांश सेकंद लागतो, आणि मानवी शरीर इतक्या वेळात प्रतिक्रियाच देऊ शकत नाही. नेम बिघडतो तो धक्क्याच्या अपेक्षेने. चाप ओढण्याच्या क्षणी मनगट आखडतं, नळीचं टोक खाली झुकतं, आणि हे सगळं गोळी सुटायच्या आधी होतं. ते उघडं पाडायची जुनी पद्धत म्हणजे सहा कप्प्यांपैकी दोन-तीनमध्ये जिवंत काडतुसं, बाकीच्यांत झाडलेली रिकामी पुंगळी. कप्प्यांचा सिलिंडर दुसऱ्याने फिरवून द्यायचा. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडतो, ‘टक’ असा आवाज येतो आणि रिव्हॉल्वरचं टोक दोन बोटं खाली जातं. आजूबाजूच्या सगळ्यांना ते दिसतं. वर्षानुवर्षं बंदूक चालवणाऱ्यांनाही या चाचणीत धक्का बसतो.

म्हणूनच शिकारीत घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून मगच चाप दाबतात. मग चापाला किलो-सव्वा किलोचा दाब पुरतो. घोडा चापानेच उचलायचा तर चार-पाच किलो लागतात आणि तेवढ्या ओढीत नेम हलतो.

या सगळ्या चुका एकत्र आल्या की गोळ्या नेमाभोवती घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरतात, आणि अंतर वाढेल तसा हा विखुरलेपणा त्याच प्रमाणात वाढतो. समजा एखाद्याच्या शंभरातल्या ९० गोळ्या ५० मीटरवर त्या वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. तोच माणूस ४० मीटरवर ९७ गोळ्या आत टाकेल. ७५ मीटरवर ६४. शंभर मीटरवर ४४. यात गोळी खाली येणं, वारा, अंतराचा चुकीचा अंदाज यांतलं काहीच धरलेलं नाही, फक्त हात आणि डोळा धरला आहे. दहा मीटर पुढे सरकलं की दहातली एक गोळी चुकण्याऐवजी शंभरातल्या तीन चुकतात. मला या सगळ्या विषयात हे गणित सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण जवळ जाण्याची किंमत ते थेट आकड्यांत सांगतं.

दुर्बीण लावली तर? डोळ्यापासून दूर धरता येतील अशा खास दुर्बिणी रिव्हॉल्वरसाठी मिळतात, लाल ठिपक्याची साधनंही मिळतात. त्यांनी पातं-खाचेची चूक संपते आणि लक्ष्य झाकलं जात नाही. वय झालेल्या डोळ्यांना तर हे वरदानच आहे. पण हाताची थरथर तशीच राहते, उलट मोठी होऊन दिसते. ती दिसल्यावर माणूस ठिपका मध्यावर येताक्षणी चाप हिसकतो, आणि तिथेच घात होतो. दुर्बिणीसोबत टेकूही हवा. टेकू नळीखाली घेतला तर ती त्यावरून उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. मनगट किंवा मूठ टेकवायची, टेकूला त्या वायूच्या फटीपासून दूर ठेवायचं, आणि सरावही याच पकडीने करायचा, कारण पकड बदलली की गोळी लागायची जागाही बदलते. असा टेकू, दुर्बीण, अंतर मोजणारं लेझर आणि भरपूर सराव असेल तर शंभर मीटर प्रामाणिकपणे म्हणता येतं. उघड्या पात्याने, उभ्याने, बहुतेकांसाठी ते चाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही.

आपला आकडा काढायची रीत साधी आहे. वीस-बावीस सेंटिमीटरची कागदी थाळी टांगायची आणि हंगामात ज्या जाकिटात, ज्या हातमोज्यांत, ज्या बैठकीत बसणार तसंच बसून गोळ्या झाडायच्या. पहिल्या गोळीला महत्त्व, कारण हरीण दुसरी संधी देत नाही. सगळ्या गोळ्या थाळीत पडतात तोवर थाळी मागे न्यायची, एक जरी बाहेर गेली की पुढे आणायची. जिथे एकही बाहेर जात नाही, ते आपलं अंतर. थंडीत, धापा टाकत चढ चढून आल्यावर तेच पुन्हा करायचं, तेव्हा ते बहुधा आणखी कमी निघतं. मग ओहायोतले अनुभवी रिव्हॉल्वरवाले बसायची जागाच त्या आकड्यावरून निवडतात. हरणांची पायवाट, ओढ्याचा उतार, मक्याच्या शेताची कड, यांतलं जे तीस-चाळीस मीटरवर येतं तिथे ते बसतात. उजाडल्यावर समोरच्या दोन-तीन झाडांची अंतरं लेझरने मोजून ठेवतात. त्या झाडांपलीकडे कितीही मोठा नर उभा राहिला तरी घोडा मागे ओढत नाहीत.