दुकानात न पोचलेला अल्बम

'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी छापली. तिच्यात बिग स्टार या अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या बँडचे तिन्ही अल्बम होते. त्यांतला पहिला, 'नंबर वन रेकॉर्ड', १९७२ साली निघाला तेव्हा त्याच्या दहा हजार प्रतीही खपल्या नव्हत्या. आज तो पहिल्यांदा ऐकणारे हमखास विचारतात, की इतकी गोड, इतकी घट्ट बांधलेली गाणी लोकांनी नाकारली कशी? लोकांनी ती नाकारली नाहीत. बहुतेकांना ती विकतच मिळाली नाहीत. हे कसे घडले, ते कळण्यासाठी मेम्फिसमधल्या दोन कंपन्यांकडे पाहावे लागते.

पहिली कंपनी आर्डेंट. जॉन फ्राय या ध्वनिमुद्रणवेड्या मुलाने ती किशोरवयात, घरातच सुरू केली आणि पुढे तिचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. दुसरी स्टॅक्स, म्हणजे ओटिस रेडिंगची, आयझॅक हेजची, कृष्णवर्णीय सोल संगीताची कंपनी. स्टॅक्सकडे कामाचा इतका रेटा होता, की तिचे बरेच मुद्रण आर्डेंटमध्ये होई. आयझॅक हेजचा १९६९ चा 'हॉट बटर्ड सोल' तिथलाच. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या तिसऱ्या अल्बमचे मिक्सिंगही तिथेच झाले. फ्रायने आणखी एक काम केले, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतले तेच सर्वांत मोलाचे. गावातल्या उत्साही पोरांना त्याने यंत्रे कशी चालवायची ते शिकवले आणि रात्री काम नसेल तेव्हा स्टुडिओ त्यांच्या हाती दिला.

त्या पोरांत क्रिस बेल होता. बीटल्सवर जीव टाकणारा, एकेका सुरासाठी तासन्‌तास घालवणारा. बास गिटारवर अँडी हमेल, ड्रमवर जोडी स्टीफन्स. १९७१ मध्ये त्यांना ॲलेक्स चिल्टन येऊन मिळाला. हा गावाला आधीच ठाऊक होता. सोळाव्या वर्षी 'बॉक्स टॉप्स' या बँडसाठी त्याने गायलेले 'द लेटर' १९६७ मध्ये अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पण तिथे दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी दुसरे सांगतील तशी गायची, याचा त्याला वीट आला होता. आता त्याला स्वतःची गाणी करायची होती. स्टुडिओसमोर 'बिग स्टार' नावाचे किराणा दुकान होते. बँडला नाव तिथूनच मिळाले.

अल्बममध्ये बारा गाणी आहेत. 'फील' सुरू होताच बेल गळा ताणून ओरडतो आणि मागे गिटारी लखलखतात. 'द बॅलड ऑफ एल गुडो'मध्ये आवाजांवर आवाज चढत जातात. एकट्या माणसाने हट्टाने तग धरून राहण्याचे ते गाणे आहे. 'थर्टीन'मध्ये ड्रम नाहीत, फक्त अकूस्टिक गिटारी आणि चिल्टनचा आवाज. शाळेतून घरापर्यंत सोबत येऊ का, एवढाच मुलाचा प्रश्न. अडीच-तीन मिनिटांत पौगंडावस्थेतले सगळे अवघडलेपण मावते. कोवळ्या वयावर रॉकमध्ये इतके नितळ गाणे मी दुसरे ऐकलेले नाही. हमेलचे 'द इंडिया साँग' आपल्या कुतूहलाचा विषय ठरेल, पण त्यात भारत फारसा नाही; जंगलातला मोठा पांढरा बंगला आणि हातात जिनचा ग्लास, असे इंग्रजी अमदानीचे स्वप्न आहे. अल्बममधले तेच सर्वांत कच्चे गाणे. बाकी सगळ्यावर फ्रायचा हात दिसतो. प्रत्येक तार वेगळी, स्वच्छ ऐकू येते. आजच्या हेडफोनवरही हे मुद्रण जुने वाटत नाही.

काळ मात्र या गाण्यांचा नव्हता. बीटल्स फुटून दोन वर्षे झाली होती. रॉकमध्ये लांबलचक गिटारवादनाचा, जड आवाजाचा बोलबाला होता. तीन मिनिटांची सुरेल गाणी जुनाट समजली जात. तरीही परीक्षणे उत्तम आली. 'बिलबोर्ड'ने तर यातले कुठलेही गाणे सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड, म्हणून चालेल, अशा अर्थाचे लिहिले.

घोडे अडले वितरणापाशी. आर्डेंटच्या रेकॉर्डी बाजारात नेण्याचे काम स्टॅक्सकडे होते. सोलची दुकाने, सोल वाजवणारी रेडिओ केंद्रे हा स्टॅक्सचा हक्काचा मुलूख. गोऱ्या पोरांचा गिटारचा अल्बम कुठल्या केंद्राला द्यायचा, कुठल्या गावात किती प्रती ठेवायच्या, याची घडी तिच्याकडे बसलेली नव्हती. रेडिओवर गाणे ऐकून माणूस दुकानात जाई आणि रिकाम्या हाताने परते. १९७२ च्या अखेरीस स्टॅक्सने देशभरच्या वितरणासाठी कोलंबिया या बलाढ्य रेकॉर्ड कंपनीशी करार केला. आता तरी रेकॉर्ड पोचेल, असे वाटले. पण कोलंबियाला जुन्या, स्वतंत्र वितरकांशी व्यवहार ठेवायचा नव्हता, आणि या अल्बमच्या होत्या त्या प्रतीही दुकानांतून काढून घेतल्या गेल्या. हा करार घडवणारे कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस मे १९७३ मध्ये तिथून बाहेर पडले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचे संबंध बिघडतच गेले.

बेलला हे सोसले नाही. अल्बमसाठी सर्वांत जास्त राबला होता तो, आणि परीक्षणांत नाव जास्त चिल्टनचे येत होते. १९७२ संपण्याआधीच, खचलेल्या मनाने, त्याने बँड सोडला. बिग स्टार तिथेच संपायचा. पण मे १९७३ मध्ये आर्डेंटच्या पुढाकाराने मेम्फिसमध्ये रॉकवर लिहिणाऱ्यांचे संमेलन भरले. उरलेले तिघे त्यांच्यापुढे वाजवायला उभे राहिले आणि एरवी सहजासहजी न हलणारे समीक्षक नाचू लागले. त्या रात्रीच्या जोरावर बँडने दुसरा अल्बम केला, 'रेडिओ सिटी', १९७४. मुखपृष्ठावर विल्यम एगलस्टनने काढलेले लाल छताचे छायाचित्र, आत 'सप्टेंबर गर्ल्स'सारखे गाणे, आणि वितरणाची तीच रड. हमेल कॉलेज पुरे करायला परतला. तिसऱ्या अल्बमचे विस्कटलेले, विलक्षण मुद्रण झाले, पण ते बाजारात यायला १९७८ उजाडले. त्याआधीच, १९७५ च्या डिसेंबरात, स्टॅक्सचे दिवाळे निघाले होते.

पुढचा प्रवास हातोहात झाला. संमेलनाला आलेल्या समीक्षकांकडे प्रती होत्या. काही जुन्या रेकॉर्डींच्या ढिगाऱ्यात सापडत. १९७८ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनमध्ये पहिले दोन्ही अल्बम एकत्र काढले आणि तिथल्या नव्या पोरांच्या हाती ते पडले. त्याच वर्षी क्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराने स्वतःच्या छोट्या कंपनीतून बेलचे 'आय ॲम द कॉसमॉस' हे सिंगल प्रसिद्ध केले. हयातीत बेलच्या एकट्याच्या नावावर निघालेली ती एकमेव रेकॉर्ड. २७ डिसेंबर १९७८ रोजी मोटार अपघातात तो गेला. वय २७.

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या हाती बिग स्टारच्या रेकॉर्डी आल्या होत्या त्यांनी आपापले बँड काढले. आर.ई.एम.च्या मंडळींनी जाहीरपणे बिग स्टारचे ऋण मानले. बँगल्सनी १९८६ मध्ये 'सप्टेंबर गर्ल्स' गायले. रिप्लेसमेंट्सनी १९८७ मध्ये गाण्यालाच 'ॲलेक्स चिल्टन' असे नाव दिले, आणि ते गाणे असलेला अल्बम मुद्रित केला आर्डेंटमध्येच. नव्वदच्या दशकात सीडी आल्यावर कुणीही दुकानात जाऊन ही गाणी विकत घेऊ शकला. १९९८ पासून 'इन द स्ट्रीट' एका गाजलेल्या अमेरिकन विनोदी मालिकेचे शीर्षकगीत झाले. लाखो घरांत ते दर आठवड्याला वाजले, मात्र दुसऱ्यांच्या आवाजात.

बिग स्टारबद्दल लिहिताना अपयशाच्या दंतकथेला फार जागा मिळते, आणि त्यात बेलची चिकाटी आणि फ्रायची कारागिरी मागे पडते, याची मला खंत वाटते. चिल्टन आणि हमेल दोघेही २०१० मध्ये वारले, फ्राय २०१४ मध्ये. मूळ चौघांत आज जोडी स्टीफन्स तेवढा आहे. २०२२ मध्ये अल्बमला पन्नास वर्षे झाली, तेव्हा त्याने ही गाणी रंगमंचावर वाजवली. सोबतीला आर.ई.एम.चा माइक मिल्स होता, आणि बेलचे ते सिंगल काढणारा क्रिस स्टेमीही.