ऑर्डर काउंटरवर द्यायची: लंडनच्या पबफेरीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

नमस्कार मंडळी. जुन्या लंडनच्या पबची पायी फेरी तुम्ही आमच्याकडे नोंदवलीत, आभार. निघण्याआधी एवढं पान वाचून या.

पबमध्ये ऑर्डर घ्यायला सहसा टेबलाशी कुणी येत नाही. आपल्याकडे हॉटेलात बसलं की आधी पाणी येतं, मग वेटर. त्या सवयीने आमचे पाहुणे कोपरा धरून बसतात, वीस मिनिटं जातात, ‘आपल्याकडे कुणी बघतच नाही’ असं मनाला लागतं आणि पुढचा पब हुकतो. दुर्लक्ष कुणी केलेलं नसतं. काउंटरवर जायचं, मागायचं, पैसे तिथेच द्यायचे, ग्लास आपणच उचलून आणायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा नंबर बघून जा. ताट तेवढं जागेवर येतं. काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण उभं होतं ते ध्यानात ठेवा, आणि तुम्हाला आधी विचारलं तर ‘यांचा नंबर आहे’ म्हणून सांगा. नोट हलवणं, टिचकी वाजवणं अजिबात नको.

ही रीत पहिल्यापासूनची नाही. पूर्वी पोऱ्या तळघरातून पेय आणून देई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिनच्या दुकानांत काउंटर आला आणि पबनेही तो घेतला. होलबर्नच्या ‘प्रिन्सेस लुईझ’मध्ये हे डोळ्यांनी दिसतं: मधोमध काउंटर, भोवती नक्षीच्या काचांनी वेगळे केलेले कप्पे, १८९१ च्या सजावटीतल्या फरशा आणि आरसे. जवळच्या ‘लॅम्ब’मध्ये तर काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा आहेत. प्रतिष्ठित गिऱ्हाइकाचं तोंड पलीकडच्यांना दिसू नये म्हणून ही सोय. त्या झडपांपाशी मी प्रत्येक गटाला थांबवतोच.

दहा जणांनी दहा कार्डं काढली की मागचे लोक खोळंबतात. म्हणून आम्ही सुरुवातीलाच कॉन्ट्री काढतो आणि ऑर्डर एकच माणूस देतो. काहींना हे खटकतं. पण शेवटी पावत्यांसकट हिशेब दाखवतो, उरलेले पैसे परत देतो आणि न पिणाऱ्याकडून फक्त त्याच्या खाण्याचे घेतो. आमच्या शुल्कात पेयं धरत नाही तीही याचसाठी.

‘बिअर गरम का?’ हा प्रश्न दर फेरीला येतो. हातपंपाने ओढलेली पारंपरिक एल (इथल्या बिअरचा जुना प्रकार) पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, तिच्यात बाहेरून गॅस भरत नाहीत आणि ती तळघराच्या ११ ते १३ अंशांवरच द्यायची असते. बर्फगार केली तर तिचा वास आणि चव दोन्ही दबतात. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा आधी हाफ घ्या. घोटभर चव मागितली तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. थंडच हवी असेल तर लागर, म्हणजे गार करून देतात ती बिअर, मागा, त्यात कमीपणा काही नाही.

काटेकोर शाकाहारी मंडळींनी आधी सांगावं. पिंपातली एल नितळ करायला पुष्कळदा माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात, आणि चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात. कुठे काय चालेल ते आम्ही विचारून ठेवतो. न पिणाऱ्यांनीही जरूर यावं: लाइम-सोडा सगळीकडे मिळतो, आणि परवाना असलेल्या पबने नळाचं पाणी फुकट द्यायचं हा इथला नियमच आहे.

शेवटचा मुक्काम सदर्कच्या ‘जॉर्ज’मध्ये. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिलेली ही घोडागाड्यांची सराई. १८८९ मध्ये रेल्वेने तिच्या बाजू पाडल्या, दक्षिणेची तेवढी उरली. लाकडी सज्ज्यांखालच्या अंगणात उभं राहिलं की पुण्यातल्या वाड्याचा चौक आठवतो. आता ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. तिथे घाईने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि आधीची वीस मिनिटं वाचवायची ती यासाठी.

गट दहा जणांचाच घेतो. शुक्रवारी संध्याकाळी फेरी नसते, गर्दीत काही दाखवता येत नाही. वय अठराच्या वर असलं तरी तरुण दिसणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, फोनमधला फोटो चालेलच असं नाही. मुलं बरोबर असतील तर दुपारची फेरी घ्या आणि नोंदवतानाच त्यांची वयं कळवा.